डिझेल भरलं टेक्सासमध्ये, बिल आलं पेन्सिल्वेनियाचं

परवा एका मराठी पोराचा फोन आला. इतके दिवस कंपनीचा ट्रक चालवत होता, आता स्वतःचा घेतलाय, अथॉरिटी (माल वाहायचा सरकारी परवाना) पण स्वतःच्या नावाची काढलीय, म्हणजे आता साहेब ओनर-ऑपरेटर. पहिलाच प्रश्न काय तर, "दादा, डिझेल कुठल्या स्टेटमध्ये स्वस्त मिळतं?" मला हसूच आलं, कारण २०२४ च्या जानेवारीत मी पण हाच प्रश्न एका पंजाबी मित्राला विचारला होता, तो म्हणाला टेक्सास, ओक्लाहोमा, मिसुरी, तिथे टाक्या फुल करायच्या आणि पूर्वेकडे गेलं की पंपाकडे बघायचं पण नाही. मी तसंच केलं आणि पहिल्याच क्वार्टरला (तिमाहीला) तोंडावर आपटलो. पोराशी अर्धा तास बोललो पण त्याच्या डोक्यात शिरलंय असं काही वाटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय, त्याला लिंक पाठवतो म्हणजे मी सुटलो.

माझी तेव्हाची नेहमीची लाईन म्हणजे डॅलसवरून निघायचं, ओक्लाहोमा, मिसुरी, इलिनॉय, इंडियाना, ओहायो, मग आय-८० ने पेन्सिल्वेनिया आडवं पार करून न्यू जर्सी. पेन्सिल्वेनियात आय-८० तब्बल ३११ मैल आहे, डोंगराचा रस्ता, ट्रक चांगलाच डिझेल पितो. आणि मी तिथे एक थेंब भरायचो नाही कारण पंपावरचा बोर्ड बघूनच छातीत धस्स व्हायचं. तीन महिने स्वतःवर खूष होतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात इफ्टाचं, म्हणजे डिझेलच्या टॅक्सचं, रिटर्न भरायला बसलो आणि एकट्या पेन्सिल्वेनियासमोर आकडा आला ३३६ डॉलर. मी बायकोला म्हणलं अगं काहीतरी चुकलंय, मी तिथे डिझेल घेतलंच नाही तर टॅक्स कसला? ती म्हणाली, "घेतलं नाहीस म्हणूनच." तिला फॉर्म वाचून दहा मिनिटांत कळलं ते मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं.

तर गंमत अशी आहे. डिझेलवरचा स्टेटचा टॅक्स तुम्ही पंपावर भरता खरा, पण तो शेवटी जातो त्या स्टेटला जिथे तुम्ही ते डिझेल जाळलं. भरलं कुठे याला फार अर्थ नाही. हा हिशोब जुळवायला इफ्टा नावाचा करार आहे, अलास्का आणि हवाई सोडून अमेरिकेतली ४८ स्टेट्स आणि कॅनडाचे १० प्रांत त्यात आहेत. तुमच्या ट्रकला तीन किंवा जास्त ॲक्सल असतील, किंवा वजन २६,००० पाउंडाच्या वर असेल आणि तुम्ही स्टेटची हद्द ओलांडत असाल तर तुम्ही यात आलातच. केबिनच्या दोन्ही बाजूला एकेक स्टिकर, लायसन्सची कॉपी आत, आणि दर तीन महिन्यांनी आपल्या बेस स्टेटला (जिथे ट्रकची नोंदणी आहे तिथे) एकच रिटर्न. ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, या चार तारखा मी फोनमध्ये नाही, ट्रकच्या सनव्हायझरवर मार्करने लिहिल्यात. उशीर झाला तर ५० डॉलर किंवा देण्याच्या १० टक्के, जे जास्त असेल ते, वर व्याज वेगळं. आणि ट्रक तीन महिने घरासमोर उभा असला तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं हे बऱ्याच जणांना दंड बसल्यावर कळतं.

एका म्हाताऱ्या गोऱ्या ड्रायव्हरने मला सांगितलं होतं की पूर्वी प्रत्येक स्टेटचा वेगळा परवाना, वेगळं रिटर्न, आणि ट्रकवर इतके स्टिकर की बिंगोचं कार्डच वाटायचं. १९८३ मध्ये ॲरिझोना, आयोवा आणि वॉशिंग्टन या तिघांनी मिळून सुरुवात केली, मग १९९१ च्या केंद्राच्या कायद्याने बाकीच्यांना १९९६ पर्यंत आत यायला लावलं. त्यामुळे कटकट कटकट म्हणून आपण जे ओरडतो ना, ते आधीच्या लोकांसमोर जरा हळूच ओरडावं.

आता आकड्यांवर येतो, पोरा, इथे लक्ष दे. माझे त्या क्वार्टरचे एकूण मैल २७,४००. एकूण डिझेल ४,१५० गॅलन. भागाकार केला की ६.६०, हे तुझं मायलेज, आणि हाच आकडा सगळ्या स्टेट्सना लागतो. पेन्सिल्वेनियात मी चाललो २,९९० मैल, त्याला ६.६० ने भागलं की ४५३ गॅलन, म्हणजे कागदोपत्री मी तिथे ४५३ गॅलन जाळलं. तिथला डिझेलचा टॅक्स २०२४ ला होता गॅलनला ७४.१ सेंट. गुणाकार कर, ३३६ डॉलर. तिथे डिझेल भरलं शून्य, म्हणून वजावट पण शून्य. याच्या उलट टेक्सास, तिथे चाललो ६,२०० मैल म्हणजे ९३९ गॅलन, आणि भरलं होतं २,१०० गॅलन. जास्तीच्या १,१६१ गॅलनवर २० सेंटने २३२ डॉलर माझे परत. टेक्सासने परत दिले २० सेंटच्या भावाने आणि पेन्सिल्वेनियाने मागितले ७४ च्या भावाने, ओहायोने ४७ च्या, असं करत करत सगळ्याची बेरीज माझ्या अंगावर आली.

पण थांब, बिल आलं म्हणजे तोटा झाला असं समजू नकोस, मी पण आधी तसंच समजलो होतो आणि आठवडाभर चिडचिड केली. बिल म्हणजे पंपावर न दिलेला टॅक्स नंतर दिला, इतकंच. खरा तोटा वेगळ्या ठिकाणी होता आणि तो बिलात दिसतच नाही.

समजा टेक्सासमध्ये बोर्डावर भाव आहे ३.३९ आणि पेन्सिल्वेनियात ३.८५. कुणीही म्हणेल टेक्सास, ४६ सेंट स्वस्त! आता दोन्हीतून स्टेटचा टॅक्स काढ, कारण टॅक्स तर जिथे चालशील तिथला लागणारच आहे, डिझेल कुठेही भर. टेक्सास ३.३९ वजा २० सेंट, ३.१९. पेन्सिल्वेनिया ३.८५ वजा ७४.१ सेंट, ३.१०९. म्हणजे महाग दिसणारं डिझेल खरंतर गॅलनमागे ८ सेंट स्वस्त होतं, १५० गॅलन भरलं की १२ डॉलर वाचले असते. आणि मी मात्र तिथल्या बोर्डाकडे बघून नाक मुरडत पुढे जात होतो.

तर दादाला विचारायचा प्रश्न 'डिझेल कुठे स्वस्त' हा नाही, 'टॅक्स काढून डिझेल कुठे स्वस्त' हा आहे. मी निघायच्या आधी रूटवरच्या चार-पाच ट्रक स्टॉपचे भाव बघतो, फ्युएल कार्डचा डिस्काउंट वजा करतो, त्या क्वार्टरचा त्या स्टेटचा टॅक्स वजा करतो, आणि उरलेला आकडा चिकटपट्टीवर लिहून डॅशबोर्डवर लावतो. टॅक्सचे रेट दर क्वार्टरला बदलू शकतात, इफ्टाच्या साइटवर सगळ्यांचा तक्ता असतो, तो तिथूनच घ्यायचा, कुठल्यातरी ॲपमधला जुना नाही. मिसुरीचंच बघ, ऑक्टोबर २०२१ ला १७ सेंटचा १९.५ झाला आणि मग दर जुलैला अडीच-अडीच सेंट वर चढत गेला. टेक्सास मात्र १९९१ पासून २० वरच बसलंय. केंद्राचे २४.४ सेंट सगळीकडे सारखेच आणि ते इफ्टात येतही नाहीत, त्यामुळे या तुलनेत ते सोडून दे.

माझा पंजाबी मित्र दर क्वार्टरला मिशा पिळत सांगतो, पाजी, रिफंड आया! मी त्याला म्हणलं अरे रिफंड आला म्हणजे तू स्टेटला तीन-चार महिने बिनव्याजी उसने दिले होतेस, त्यात पेढे कसले वाटतोस? त्याला पटत नाही. ज्याची त्याची हौस.

बिलाचा त्रास होतो तो पैसे बाजूला न ठेवल्याने. मी आता दर शनिवारी त्या आठवड्याचे मैल टाकून अंदाजे इफ्टा काढतो आणि तेवढे पैसे दुसऱ्या खात्यात ढकलतो, मग एप्रिल आला काय नि जुलै आला काय. खात्यातले पैसे आपले नाहीत असं मनाला एकदा सांगून टाकायचं, टायर फाटला तरी.

मैलांची नोंद हा माझा जिव्हाळ्याचा विषय. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर गाडीवर जायचो तेव्हा बघायचो, स्टेज आलं की गाडीत कितीही गर्दी असू दे, कोणी सुट्ट्यांवरून भांडत असू दे, अण्णा आधी वेबिल काढून तिकिटांचे नंबर लिहायचे आणि मगच पुढे. मी विचारलं होतं, शेवटी डेपोत गेल्यावर एकदम का नाही लिहीत? म्हणाले, "चेकर डेपोत नाही चढत, रस्त्यात चढतो." ते वाक्य तेव्हा कळलं नव्हतं. आता स्टेटलाईनची पाटी दिसली की मी ओडोमीटरचा आकडा तोंडाने मोठ्याने बोलतो, फोन स्टँडवर रेकॉर्ड करत असतो, आणि पुढच्या थांब्यावर वहीत उतरवतो. चालवताना लिहायचं नाही, ते सांगायला नको.

लोक म्हणतात ईएलडी (ट्रकमधलं नोंदीचं यंत्र) आहे ना, ते आपोआप मैल धरतं. धरतं, पण एकदा माझ्या ईएलडीचं सिग्नल न्यू मेक्सिकोत गेलं आणि रिपोर्टमध्ये आय-४० चे दीड-दोनशे मैल गायबच झाले, ट्रक जणू उडत ॲरिझोनात उतरला. वहीत आकडा होता म्हणून जुळवता आलं. नियम असा की ट्रॅकिंगवर अवलंबून राहायचं तर इंजिन चालू असताना निदान दर १० मिनिटांनी लोकेशनची नोंद हवी. आणि मैल म्हणजे सगळे मैल. रिकामा ट्रक, ट्रेलरशिवाय नुसता ट्रक, जेवायला पाच मैल आत गेलास, लॉगमध्ये (ड्रायव्हरच्या तासांच्या नोंदीत) पर्सनल म्हणून टाकून घरी गेलास, सगळे. लॉगबुकला पर्सनल असतं, इफ्टाला पर्सनल असं काही नसतं. हेच मैल नंतर नंबर प्लेटच्या नोंदणीला पण लागतात, दोन्हीकडे वेगवेगळे आकडे दिलेस की ऑडिटवाल्याला आयतंच सापडतं.

रिसीटचा धडा मी पैसे देऊन शिकलो. एका आडगावच्या छोट्या पंपावर कार्ड चालत नव्हतं, कॅश देऊन ११० गॅलन भरलं आणि रिसीट विंडशील्डच्या खाली टाकली. तो कागद उन्हात कसा होतो माहितीये ना, महिन्याभरात पूर्ण पांढराफटक, पापडासारखा. त्या ११० गॅलनचा टॅक्स मी पंपावर दिला होता पण पुरावा नाही म्हणून वजावट घेता आली नाही, म्हणजे तोच टॅक्स दोनदा. आता रिसीट हातात आली की पंपावर उभ्या उभ्याच फोटो काढतो. तारीख, पंपाचं नाव-पत्ता, किती गॅलन, कुठलं इंधन, गॅलनचा भाव, ट्रकचा नंबर आणि घेणाऱ्याचं नाव, एवढं दिसायला पाहिजे. ट्रक नंबर छापून आला नाही तर आत जाऊन परत प्रिंट मागतो, पेनाने खाडाखोड केलेली रिसीट नाकारली जाऊ शकते. आणि हे सगळं चार वर्षं जपायचं. बायकोने क्लाउडवर फोल्डर केलेत, क्वार्टरप्रमाणे, त्यामुळे मला आता फक्त फोटो काढायचं काम.

रेकॉर्ड नसेल तर काय होतं हे ऐकलंस तर झोप उडेल. ऑडिटर तुझं मायलेज मानतच नाही, सरळ ४ मैल गॅलनला धरू शकतो, किंवा तू दाखवलेल्या मायलेजमधून २० टक्के उडवू शकतो. माझ्या त्या क्वार्टरला ४ लावलं तर ४,१५० च्या जागी ६,८५० गॅलन होतात, म्हणजे कधी घेतलंच नाही अशा २,७०० गॅलनचा टॅक्स.

त्यातून रीफर (थंड मालाचा ट्रेलर) ओढत असशील तर अजून एक खड्डा आहे. रीफर युनिटची टाकी वेगळी, त्यात लाल रंगाचं बिनटॅक्सचं डिझेल चालतं, आणि ते इफ्टाच्या गॅलनमध्ये धरायचंच नाही. मी एका क्वार्टरला ३८० गॅलन रीफरचे चुकून ट्रकच्या बेरजेत घातले. मायलेज ६.६० वरून धाडकन ६.०५ वर आलं आणि मी मेकॅनिककडे जाऊन इंजेक्टर तपासून घेतले! दोन दिवस गेले, वर बिल. घरी येऊन बायकोने रिसीटांचा गठ्ठा चाळला आणि म्हणाली इंजिन ठीक आहे, बेरीज बिघडलीय. मायलेज म्हणजे हिशोबाची नाडी आहे, अचानक उडाली की आधी कागद बघायचे, मग बॉनेट उघडायचं. आणि लाल डिझेल ट्रकच्या टाकीत घालायचा मोह कधी करू नकोस, केंद्राचा दंड एक हजार डॉलर किंवा गॅलनला दहा डॉलर, जे जास्त असेल ते, आणि रस्त्यात टाकीत नळी घालून तपासतात.

रात्री इंजिन चालू ठेवून झोपणं पण याच हिशोबात बसतं. ट्रक उभ्या उभ्या तासाला साधारण ०.८ गॅलन पितो, दहा तासांच्या ब्रेकला आठ गॅलन गेले, शून्य मैल. आणि मायलेज एकच असल्यामुळे टेक्सासमध्ये एसी लावून झोपलास त्याचा थोडा टॅक्स पेन्सिल्वेनियाच्या खात्यात पण जातो, हे मला आजही विनोदी वाटतं. मी शेवटी एपीयू (मोठं इंजिन बंद ठेवून एसी चालवणारं छोटं इंजिन) बसवला.

काही स्टेट्सचं वेगळंच असतं, ते थोडक्यात सांगतो. ओरेगनमध्ये मोठ्या ट्रकला पंपावर डिझेलचा टॅक्स नाही, त्यामुळे भाव बघून हुरळून जाशील, पण ते वजन आणि मैलावर टॅक्स घेतात आणि त्याचं रिटर्न निराळं. केंटकीत ६०,००० पाउंडापासून पुढे मैलाला २.८५ सेंट, शिवाय इफ्टातही सरचार्जची (जादा टॅक्सची) वेगळी ओळ. न्यू मेक्सिको, न्यूयॉर्क, आणि २०२३ पासून कनेक्टिकट, यांचे पण आपापले मैलावरचे टॅक्स. यातलं काहीही पंपावर कटत नाही, म्हणून लोड घेतानाच भाड्यात धरायचं. फॉर्म २२९० (जड ट्रकवरचा केंद्राचा टॅक्स) चे वर्षाचे ५५० डॉलर हा इंधनाचा टॅक्स नाहीच, पण मैलाच्या खर्चात तोही घालतो मी.

मैलाचा खर्च काढतानाही मी सुरुवातीला स्वतःलाच गंडवत होतो. त्या क्वार्टरला डिझेलचे साधारण १५,९८० डॉलर गेले, भागिले २७,४०० मैल, मैलाला ५८ सेंट, छान वाटलं. पण त्यातले ३,३०० मैल रिकामे होते, त्याचे कोणी पैसे दिले नव्हते. भरलेल्या २४,१०० मैलांनी भागलं की ६६ सेंट. ब्रोकरशी भाव करताना डोक्यात हे ६६ पाहिजेत, ५८ धरून घेतलेला लोड परत येताना रडवतो.

फ्युएल सरचार्जचं (डिझेल महाग झालं की भाड्यावर मिळणाऱ्या जादा पैशांचं) पण असंच. ऊर्जा खात्याचा दर आठवड्याचा देशभरचा सरासरी भाव धरून तो ठरतो. समजा सरासरी ४.२०, करारातला पायाभूत भाव १.२०, आणि मायलेज ६ धरलंय, तर ३ भागिले ६, मैलाला ५० सेंट. तुझा ट्रक ६.६ देत असेल तर त्यात तुझे चार पैसे सुटतात, ५.५ देत असेल तर तूच भरतोस. बरेच ब्रोकर सरचार्ज वेगळा दाखवतच नाहीत, सगळं मिळून एक भाव सांगतात, आणि डिझेल चढलं तरी तो भाव हलत नाही. जून २०२२ ला सरासरी ५.८० च्या वर गेली होती, तेव्हा मी अजून दुसऱ्याच्या अथॉरिटीवर ट्रक लावून होतो, सेटलमेंटमध्ये (मला मिळणाऱ्या पैशांच्या हिशोबात) 'फ्युएल टॅक्स' म्हणून दर महिन्याला एक आकडा कापला जायचा, कसा काढला विचारलं तर ऑफिसातली बाई म्हणायची सिस्टिम काढते. स्टेटवार मैल मागितले, कधीच मिळाले नाहीत. स्वतःची अथॉरिटी काढायचं खरं कारण विचारशील तर ते हेच, भाड्यापेक्षा तो एक आकडा.

हे लिहीत असतानाच त्या पोराचा मेसेज आला. ओहायो-पेन्सिल्वेनिया लाईनच्या पलीकडच्या ट्रक स्टॉपवर थांबलाय, ओडोमीटरचा फोटो पाठवलाय (हललेला, पण आकडा वाचता येतोय) आणि शेजारी रिसीट. खाली लिहिलंय, दादा रिसीटवर डिझेल १४२ गॅलन आणि डीईएफ (धूर स्वच्छ करायचं द्रव) ९ गॅलन आहे, १५१ धरू ना?

नाही रे बाबा. १४२.